उभी गाडी, उंदीर आणि विषाची पुडी

भाताची कापणी सुरू झाली की आमच्या भागातल्या उंदरांचा मुक्काम हलतो. पावसाळ्यात बिळात पाणी शिरते म्हणून ते कोरड्याला येतात. खाचरे रिकामी झाली की अन्नासाठी वस्तीकडे वळतात. डिंभे धरणाच्या परिसरात त्यांना हक्काचा निवारा मिळतो तो उभ्या करून ठेवलेल्या गाड्यांत. ताडपत्रीखालची पिकअप असो, सुटीतली शाळेची व्हॅन असो, की पुण्या-मुंबईच्या हौशी मंडळींनी शेतघरापाशी चार महिने लावून ठेवलेली कॅम्पर व्हॅन. हिच्यात तर गादी, पांघरूण, शेगडी, डबे असा सगळा संसारच असतो.

कुरतडलेली वायर मेकॅनिक बदलून देतो. माझी काळजी वेगळी आहे. ‘डॉक्टर, गाडीत उंदराचं कुठलं औषध टाकू?’ हा प्रश्न मला दर हंगामात विचारला जातो. आपल्या भाषेत विषालाही औषधच म्हणतात, आणि गडबड तिथेच सुरू होते. औषध म्हटले की हात बेफिकीर होतो.

सर्वांत घातक म्हणजे धान्य टिकवण्यासाठी ठेवतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. हवेतल्या ओलाव्यानेच त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. या गोळ्या टाकलेल्या बंद खोलीत झोपलेली माणसे दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. कॅम्पर व्हॅन म्हणजे चाकांवरची झोपायची खोलीच. या विषावर उतारा नाही. सामान्य ग्राहकाला त्या विकायच्या नाहीत असा नियम आहे. तरीही त्या घराघरांत सापडतात. हा नियम कागदावरून दुकानाच्या गल्ल्यापर्यंत यायला हवा.

दुसरी झिंक फॉस्फाइडची काळी पूड. ती पिठात किंवा भज्यात कालवून ठेवतात. उंदरासाठी ठेवलेले भजे पोराच्याही हाती लागते. पोटातल्या आम्लाने तोच वायू तयार होतो. उलट्या, पोटदुखी, मग रक्तदाब ढासळतो. तिसऱ्या रंगीत वड्या. त्यांनी रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, पण रक्तस्राव दोन-तीन दिवसांनी दिसतो. ‘पोरगं तर खेळतंय’ म्हणून घरी बसू नका. विष पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका. पाकीट सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा. कोणते विष ते कळले की आमचा अर्धा वेळ वाचतो.

डांबराच्या गोळ्याही निरुपद्रवी नाहीत. लहान मुले त्या खडीसाखर समजून तोंडात घालतात. ज्यांच्या रक्तात जी-६-पीडी हे विकर जन्मतः कमी असते, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांमुळे फुटू शकतात. उंदीर मात्र वासाला चार दिवसांत सरावतो.

मग करायचे काय? उंदराला मारण्याआधी त्याला आत येऊ न देणे. लहान उंदराला पेन्सिल शिरेल एवढी फटही पुरते. गाडीखाली वाकून बघा : वायर, पाइप जातात ती भोके, हवेच्या जाळ्या, दरवाजाची फाटलेली रबरे. भोकांत स्टीलच्या तारेची घासणी घट्ट कोंबा, जाळीवर बारीक तारेची जाळी बसवा. खाण्याचा कण ठेवू नका. बिस्किटांचा चुरा, साबण, मेणबत्तीही नको. गाद्या घरात न्या. गाडीभोवतीचे गवत कापा. गवतातल्या, उंदरांवर पोसणाऱ्या बारीक किड्यांमुळे स्क्रब टायफस होतो. एवढे करूनही एखादा शिरलाच, तर भिंतीलगत चापाचा सापळा लावा आणि रोज पाहा.

गाडी पुन्हा उघडाल तेव्हा लगेच झाडू घेऊ नका. लेंड्यांची धूळ नाकात जाते. दारे-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबा. हातमोजे, मास्क घाला. एक भाग द्रवरूप ब्लीच, नऊ भाग पाणी असे मिश्रण शिंपडून दहा मिनिटे मुरू द्या, मग ओल्या फडक्याने पुसा. या पाण्यात ॲसिड किंवा दुसरा क्लीनर मिसळू नका. पाण्याची टाकी धुऊन घ्या. उंदराच्या लघवीतले लेप्टोस्पायराचे जंतू ओल्या जागी टिकतात आणि पायाच्या भेगेतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईने ही साथ अनुभवली आहे. खाचरात अनवाणी राबणाऱ्यांना तर तो दरवर्षीचा धोका. ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे, लघवी कमी होणे यांतले काही दिसले तर दुकानातून गोळी घेऊन दिवस काढू नका. डॉक्टरांना ‘उंदरांची जागा साफ केली होती’ हेही सांगा.

कुरतडलेली गादी दुसरी आणता येते. रोगापेक्षा इलाज भयंकर, ही म्हण मी वॉर्डात खरी होताना पाहिली आहे. म्हणून विनंती एकच : यंदा विषाची पुडी आणण्याआधी गाडीखाली वाकून भोके मोजा.