एका गाळाचे तीन भाव



ज्वारी मोडून आपण सोयाबीन पेरले. बाजारात त्याची ओल बघतात, माती-काडी कापतात. लेसिथिनचे नाव कोणी काढत नाही. सोयाबीनच्या कच्च्या तेलात गरम पाणी घातले की चिकट गाळ सुटतो. तो वाळवला की काकवीसारखे लेसिथिन. त्यात तिसरा हिस्सा तेलच. ते बिस्किट-चॉकलेटात जाते. ॲसिटोनने तेल काढले की पावडर. ती ताकदीच्या डब्यात. (ताकद येते हे विकणाऱ्याचे म्हणणे, आमचे नव्हे.) अल्कोहोलने वेगळे काढलेले फॉस्फॅटिडिल कोलीन सर्वांत महाग, ते कॅप्सूलमध्ये आणि चेहऱ्याच्या क्रीममध्ये. भारतात जनुक बदललेले सोयाबीन पेरायला परवानगी नाही, म्हणून युरोपात आपल्या लेसिथिनला वेगळी मागणी. पुढच्या बैठकीला प्लांटवाल्यांना बोलवा. गाळाचा हिशेब आम्ही तिथे मागणार आहोत.