पुसता येणारी तबकडी

दिवाळी जवळ आली की आमच्या घरात माझ्या वाट्याला दोन कामे येतात. एक म्हणजे माळ्यावरचे सामान खाली काढणे, आणि दुसरे म्हणजे ते आमच्या 'ही'च्या नजरेस पडण्यापूर्वी पुन्हा वर ठेवणे. या सदराच्या जुन्या वाचकांना आमची 'ही' चांगली ठाऊक आहे. दुसरे काम मला आजवर एकदाही साधलेले नाही, हे त्यांना निराळे सांगायला नको.

यंदा माळ्यावरून एक पत्र्याचा डबा निघाला. एके काळी त्यात बिस्किटे होती, आता सी.डी.च्या तबकड्या होत्या. आमची नऊ वर्षांची नात शेजारी उभी होती. तिने एक तबकडी उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "आजोबा, या चकचकीत ताटल्या कसल्या?"

"अगं, यांच्यावर गाणी असतात."

तिने तबकडी कानाला लावली. "काहीच ऐकू येत नाही."

"द्या इकडे त्या," आतून आवाज आला. "गॅलरीत टांगते. कबुतरं तरी यायची बंद होतील."

तेवढ्यात नातीच्या हाताला एक तबकडी लागली. बाकीच्या चांदीसारख्या चकाकत होत्या. ही जरा करडी, काळवंडल्यासारखी होती. तिच्यावर माझ्या अक्षरात लिहिले होते, 'आई – ओव्या, मे २००४'. त्यावर आडवी रेघ ओढून खाली दुसरी ओळ होती, 'लग्नाचे फोटो, २००६'.

"आजोबा, यात पणजीचा आवाज आहे?"

"होता," मी म्हणालो आणि डब्याचे झाकण लावू लागलो. पण मुले एका शब्दावर थोडीच सोडतात? होता म्हणजे काय? गेला कुठे? कोणी घालवला?

मी तीस वर्षे शाळेत शिकवले. खोटे उत्तर द्यायची सोय राहिलेली नाही.

झाले होते ते असे. २००४ च्या मे महिन्यात आमच्या भाच्याने आईच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून घेतल्या. "यंत्रापुढं काय म्हणायचं?" म्हणून ती आधी लाजली. मग आम्ही तिच्यापुढे जुने जाते आणून ठेवले. खुंट्याला हात लागला मात्र, चाळीस मिनिटे ती थांबली नाही. ते सारे भाच्याने एका तबकडीवर उतरवून दिले. तबकडी आणून देण्याचे काम माझे होते. दुकानदाराने दोन प्रकार दाखवले. एकीवर एकदाच लिहिता येते. दुसरीवर लिहावे, पुसावे, पुन्हा लिहावे. दुसरी थोडी महाग होती. पण एका तबकडीत हजार वेळचे काम! माझ्यातला काटकसरी मास्तर खूष झाला. मी दुसरी घेतली.

२००५ च्या पावसाळ्यात आई गेली. पुढच्या वर्षी घरातल्या एका लग्नाचे फोटो नातेवाइकांकडे पाठवायचे होते. घरात कोरी तबकडी नव्हती. ओव्यांची मूळ प्रत भाच्याच्या संगणकात आहे, अशी माझी समजूत होती. ती त्याला पुसून खात्री करून घ्यावी, एवढे मला सुचले नाही. तो संगणक केव्हाच भंगारात गेला होता.

नंतर कितीतरी दिवस एकच प्रश्न मनात होता. 'पुसले' म्हणजे नेमके काय झाले? काही मागे उरते का? त्या निमित्ताने जे वाचले, ते नातीला सांगितले. तेच तुम्हांलाही सांगतो.

साधी तबकडी म्हणजे प्लास्टिकची एक चकती. व्यास १२० मिलिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर. तिच्यात सूक्ष्म खळग्यांची एकच ओळ नागमोडी नव्हे, तर चकलीसारखी आतून बाहेर फिरत जाते. शेजारशेजारच्या वळशांतले अंतर १.६ मायक्रॉन, म्हणजे आपल्या एका केसाच्या जाडीत असे चाळीस-पन्नास वळसे मावतील. तबकडीवर इंद्रधनुष्य दिसते ते या बारीक ओळींमुळेच. लेसरचा किरण त्या ओळीवरून धावतो. सपाट जागेवरून प्रकाश नीट परततो, खळग्यावरून कमी परततो. त्या कमी-जास्त प्रकाशाचे यंत्र गाणे करते. १९८२ साली फिलिप्स आणि सोनी यांची ही तबकडी बाजारात आली. पण ती शिलालेखासारखी. कारखान्यात एकदा ठसा उमटला की उमटला.

माणसाचे समाधान शिलालेखावर होत नाही. त्याला पाटीही हवी असते. चुकले तर पुसायला हवे, कालचा हिशेब पुसून आजचा मांडायला हवा. तेव्हा लेसरने लिहिता येईल आणि लेसरनेच पुसता येईल असा पदार्थ शोधायचा, हा पेच होता.

तो सोडवण्याची एक युक्ती मला फार आवडली. तबकडीवर पॉलिमरचे, म्हणजे प्लास्टिकच्याच जातीचे, दोन पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवायचे. खालचा रबरासारखा, तापला की फुगणारा. वरचा लाखेसारखा, गार असताना कडक आणि तापला की मऊ. दोघांत दोन वेगळे रंग मिसळायचे. काळा सदरा उन्हात लवकर तापतो आणि पांढरा तापत नाही, हे आपण जाणतोच. तसाच एक रंग एका तरंगलांबीचा प्रकाश शोषतो, दुसरा दुसऱ्या. त्यामुळे ज्याला तापवायचे त्यालाच तापवता येते.

आता लिहायचे कसे? पहिल्या प्रकाशाचा सूक्ष्म टिपका टाकायचा. खालचे रबर तापून फुगते आणि वरच्या लाखेला वर ढकलते. तव्यावरचा फुलका फुगावा तसा इवलासा फुगवटा येतो. प्रकाश गेला की लाख क्षणात गार होऊन कडक होते. खालचे रबर आपल्या जागी परतू पाहते, पण वरची लाख त्याला धरून ठेवते. फुगवटा कायम राहतो, अक्षर उमटले. पुसायचे असेल तर दुसऱ्या प्रकाशाने फक्त लाख तापवायची. ती मऊ पडली की ताणलेले रबर तिला खाली ओढून घेते. फुगवटा बसला. पाटी कोरी.

अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या बीव्हर्टन येथील ऑप्टिकल डेटा ही कंपनी अशा रंगीत पॉलिमरवर काम करीत होती. एप्रिल १९८८ मध्ये टेक्सासमधल्या टँडी कंपनीने मोठा गाजावाजा करून जाहीर केले की पुसता येणारी सी.डी. येत आहे, आणि घरात आहे त्याच साध्या यंत्रावर ती वाजेल. तिचे नाव 'थॉर'. नाव वज्रधारी देवाचे, पण दुकानात ती कधीच आली नाही. काही वर्षांनी तिचा विषयही निघेनासा झाला.

या युक्तीची अडचण तिच्या पोटातच आहे. लिहिलेले टिकायला लाख घट्ट हवी, पुसायला ती मऊ व्हायला हवी, आणि हे पुन्हा पुन्हा व्हायला हवे. जुन्या परकराची नाडी जशी ताणून ताणून सैल होते, तसे असले पदार्थही ताणून-सोडून थकतात. मग फुगवटा पुरता बसत नाही. पुसलेल्याची खूण मागे राहते.

यंत्रज्ञाच्या दृष्टीने हा दोष. मला मात्र ते वाचताना वाटले, माझ्या तबकडीला ही खोड असती तर!

पण माझी तबकडी त्या जातीची नव्हती. १९९७ साली बाजारात आलेल्या पुसता येणाऱ्या सी.डी.त पॉलिमरचा फुगवटा नसतो. तिच्यात चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांच्या मिश्रधातूचा थर असतो. या वाटेचा एक आद्य प्रवासी म्हणजे स्टॅनफर्ड ऑव्हशिन्स्की. महाविद्यालयात न शिकलेल्या या अमेरिकन गृहस्थाने १९६८ साली अशाच तऱ्हेच्या पदार्थांवर एक निबंध प्रसिद्ध केला आणि भलेभले चकित झाले.

हे तत्त्व नातीला समजावायला स्वयंपाकघर पुरले. साखरेचा पाक झटकन गार केला की लिमलेटच्या गोळीसारखी काच होते, कारण कणांना रांगेत उभे राहायला वेळच मिळत नाही. तोच पाक सावकाश निवू दिला की कण रांगा धरतात आणि खडीसाखर होते. साखर एकच, रूपे दोन. धातूच्या थराचेही तसेच. लेसरच्या जोरदार झटक्याने टिपका वितळून लगेच गार झाला की गोंधळलेली काच, ती प्रकाश कमी परतवते. मध्यम उष्णता दिली की पुन्हा रांगा, आणि प्रकाश जास्त परततो. सुमारे हजार वेळा हे करता येते. मात्र साध्या सी.डी.वरून सत्तर टक्के प्रकाश परत येत असेल, तर हिच्यावरून येतो वीसेक टक्के. म्हणून ती करडी दिसते, आणि म्हणून जुन्या यंत्रांवर ती वाजत नसे.

"मग पणजी पूर्ण पुसली गेली?" नातीने विचारले.

तिथेच तर माझे दुखणे आहे. त्या दिवशी संगणकाने मला विचारले होते, झटपट पुसू की संपूर्ण? झटपट पुसणे म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका तेवढी फाडणे. धडे आत तसेच राहतात, आणि एखादा जाणकार ते कधीकधी काढूनही देतो. पण मी पडलो मास्तर. अर्धवट पुसलेल्या पाटीवर मी जन्मभर मुलांना रागे भरलो. मी 'संपूर्ण' निवडले. वीस मिनिटे लागली. त्या वीस मिनिटांत मी समोर बसून चहा प्यालो. आईच्या एकेका ओवीचे टिपके एकामागून एक रांगेत उभे राहत होते, आणि मी घड्याळ पाहत होतो.

नात काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मोठ्या आजीला येत असतील ना ओव्या?"

मोठी आजी म्हणजे कोल्हापूरची आमची अक्का. वय चौऱ्याऐंशी. एवढ्या वर्षांत, खरे सांगायचे तर शरमेपोटी, मी हा विषय तिच्यापाशी काढलाच नव्हता. त्याच संध्याकाळी फोन लावला. म्हणालो, "अक्का, आईच्या ओव्या आठवतात का गं तुला?"

"अरे, जात्याशिवाय ओवी सुचते होय?" ती म्हणाली. मग जरा वेळाने, "थांब. सुनेला म्हणते, नुसता हात फिरवू दे मला."

तिने बहुधा पाटावरच हात फिरवला असावा. अकरा ओव्या आल्या. दोन अर्ध्याच राहिल्या. नातीने त्या दुसऱ्या फोनवर मुद्रित केल्या आणि मी वहीत शाईने उतरवून घेतल्या. आता एक प्रत फोनमध्ये, एक संगणकात, एक भाच्याकडे आणि एक वहीत आहे. भाच्याला मी या खेपेला पुसून घेतले.

हा अंक तुमच्या हाती पडेल तोवर तुमच्याकडची साफसफाई उरकली असेल. तरी असा एखादा डबा राहिला असेल तर टांगण्यापूर्वी आत काय आहे ते एकदा बघा, आणि ज्यांचा आवाज त्यात आहे त्यांना, ती माणसे असतील तर, आजच फोन करा.

आमच्या गॅलरीत बाराही चकत्या चमकत आहेत. कबुतरे त्यांच्या दोरीवरच येऊन बसतात. करडी तबकडी मात्र 'ही'ने टांगली नाही. ती देवघराच्या खणात ठेवलेली मला काल दिसली.