आधी नाव, मग निवाडा

मुरबाडजवळ सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी हुतात्मा झालेले भाई कोतवाल आणि हिराजी पाटील आम्हांला नावानिशी ठाऊक आहेत, ते योग्यच. पण त्याच काळात पलटणीत गेलेल्या शहापूर-मुरबाडच्या शिपायाला 'भाडोत्री' ठरवून आम्ही मोकळे झालो. पहिल्या महायुद्धातील साध्या हिंदी शिपायांची नावे साम्राज्याने बसऱ्याच्या स्मारकावर कोरली नाहीत. आम्हीही तेच करणार काय? इंग्रजी दप्तरात ठाण्याचे 'थाना' झाले, मराठ्यांचे 'महरट्टा'. अशा नोंदींतून शिपायाचे नाव, बाप आणि गाव ओळखायला मराठीच लागते. म्हणून हे काम इतिहास विभागावर ढकलून मराठी विभागांना हात झटकता येणार नाहीत. त्याच्या निष्ठेचा निवाडा मागाहून करू. आधी त्याचे नाव शोधू.