उंबरठ्याबाहेरची स्त्री आणि उंबरठ्याआतले श्रम

स्त्री घराबाहेर पडली, मिळवती झाली, म्हणजे ती मुक्त झाली, असा एक सोयीस्कर समज मराठी मध्यमवर्गात रूढ आहे. या समजाची परीक्षा करावयाची असेल तर जुहूकडे पाहावे. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाचे एक संकुल येथे आहे. नीरा देसाई यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये याच विद्यापीठात स्त्रीविषयक संशोधनाचा विभाग सुरू झाला आणि स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषदही १९८१ मध्ये याच विद्यापीठात भरली. घरातले कष्ट हेही श्रमच होत, ही जाणीव विद्याक्षेत्रात रुजविण्यात या परंपरेचा मोठा वाटा आहे. त्याच जुहूत नेहरूनगरसारख्या वस्त्यांतून रोज सकाळी कष्टकरी स्त्रिया आसपासच्या इमारतींत धुणीभांडी, केरफरशी आणि स्वयंपाक करण्यासाठी जातात. त्या आल्या की त्या घरातील सुशिक्षित स्त्री कचेरीची वाट धरते.

म्हणजे घरकामाचे ओझे एका स्त्रीच्या खांद्यावरून दुसरीच्या खांद्यावर गेले, एवढाच बदल झाला. पुरुष होता तेथेच आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार, घरच्यांसाठी विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ त्यात जात होता, तर असे काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत स्त्रीचा भार दहा मिनिटांनी हलका झाला खरा. पण पुरुषाचा वाटाही नऊ मिनिटांनी घटला. तिला मिळालेला अल्पसा दिलासा त्याने दिलेला नाही, हे उघड आहे.

मातृत्वाच्या बाबतीत ही विषमता अधिकच बोचते. २०१७ च्या कायदादुरुस्तीने संघटित क्षेत्रातील स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूतिरजा मिळाली. ही सुधारणा स्वागतार्हच आहे. परंतु रजा संपल्यावर ती ज्या बाईच्या हाती मूल सोपवून कामावर जाते, त्या बाईला स्वतःच्या बाळंतपणात एका दिवसाचीही हक्काची पगारी रजा नाही.

महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यातून मदतीच्या योजना आल्या, वेतनाचा हक्क आला नाही. कर्नाटक आणि केरळ यांसारख्या राज्यांनी घरकामाला किमान वेतनाच्या कक्षेत आणले. घरकामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये केलेल्या करारनाम्याला भारताने अद्याप मान्यता दिलेली नाही. खाजगी घरात सरकारने डोकावू नये, असा युक्तिवाद यावर नेहमी केला जातो. पण लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने घरकामगार स्त्रीच्या बाबतीत घर हे कामाचे ठिकाण मानलेच आहे. अत्याचाराच्या प्रसंगी जे घर कामाचे ठिकाण ठरते, ते पगाराच्या दिवशी खाजगी कसे होते?

साधारण पगाराच्या नोकरदार स्त्रीला अधिक वेतन परवडेल काय, हा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो उडवून लावणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु या दोघींना समोरासमोर उभे केले की तिसरा पक्ष, म्हणजे घरातला पुरुष आणि जबाबदारी टाळणारे शासन, अलगद सुटतो. वस्तीवस्तीत महापालिकेची पाळणाघरे निघाली आणि घरातल्या कामात पुरुषाने आपला वाटा उचलला, तर दोघींचाही भार हलका होईल.

अशी एकजूट या महानगराने पाहिली आहे. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि प्रमिला दंडवते यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या स्त्रिया महागाईविरुद्ध लाटणे घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा मध्यमवर्गीय गृहिणी आणि कष्टकरी स्त्री एका मोर्चात चालल्या होत्या. पुण्याच्या मोलकरणींनी १९८० मध्ये संप करून आपल्या श्रमाची किंमत मागितली. त्या दोन्ही लढ्यांचा वारसा आता एकत्र आला पाहिजे. घरकामाला किमान वेतन, आठवड्याची सुट्टी आणि प्रसूतिकाळात पगार, या मागण्यांसाठी जुहूच्या इमारतींतील नोकरदार स्त्रीने वस्तीतील स्त्रीच्या बाजूने उभे राहावे. तिच्या स्वतःच्या स्वातंत्र्याचा पायाही त्याशिवाय पक्का होणार नाही.