घड्याळ बहिष्कार मानत नाही

ऑलिम्पिक जवळ आलं की कुणीतरी बहिष्काराची हाळी देतंच. मला तेव्हा व्लादिमिर साल्निकोव्ह आठवतो.

लेनिनग्राडचा हा पोरगा १५०० मीटर फ्रीस्टाइल पोहायचा. ५० मीटरच्या तलावात ३० फेऱ्या. २२ जुलै १९८० रोजी मॉस्को ऑलिम्पिकमध्ये त्याने त्या १४ मिनिटं ५८.२७ सेकंदांत संपवल्या. पंधरा मिनिटांच्या आत हे अंतर तोवर कुणीच कापलं नव्हतं. तरी लोक विचारत राहिले, अमेरिकन कुठे होते? आधीचा विश्वविक्रम, १५ मिनिटं २.४० सेकंद, अमेरिकेच्या ब्रायन गुडेलचा. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा घुसल्या म्हणून अमेरिकेने मॉस्कोकडे पाठ फिरवली आणि गुडेल घरीच राहिला.

चार वर्षांनी लॉस एंजेलिस ऑलिम्पिकवर बहिष्कार घालून सोव्हिएत सरकारने उट्टं काढलं. १९८३ मध्ये साल्निकोव्हने विक्रम १४ मिनिटं ५४.७६ सेकंदांवर आणला होता, पण लॉस एंजेलिसला त्याला जाता आलं नाही. तिथलं सुवर्ण १५ मिनिटं ५.२० सेकंदांत गेलं. कोण किती पाण्यात होतं, ते घड्याळाने सांगितलं. पदक मात्र घड्याळ देत नाही.

पुढे उतार लागला. १९८६ च्या जागतिक स्पर्धेत तो चौथा आला. लोकांनी त्याला निकालात काढलं. पत्नी मरिनाच्या मार्गदर्शनाखाली तो सराव करत राहिला आणि १९८८ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, सोलमध्ये १५ मिनिटं ०.४० सेकंदांत पुन्हा सुवर्ण जिंकला. त्या रात्री क्रीडाग्रामाच्या भोजनगृहात तो शिरताच देशोदेशीचे खेळाडू उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

बहिष्काराने साधलं काय? सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानातून १९८९ मध्ये निघाल्या. त्याच निषेधापोटी सोव्हिएत संघाला धान्य विकण्यावर घातलेली बंदी मात्र अमेरिकेने १९८१ मध्येच उठवली, कारण शेतकऱ्यांचं नुकसान होत होतं. गुडेलचं नुकसान कुणाच्या हिशेबात नव्हतं.

वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेवरच्या क्रीडा-बहिष्काराचा दाखला कुणी देईल. पण तिथे संघनिवडच रंग बघून व्हायची. अन्याय खेळातच होता, म्हणून इलाजही खेळातच करावा लागला. मॉस्को आणि लॉस एंजेलिसमध्ये तसं काही नव्हतं. सरकारांना खरंच निषेध करायचा असेल तर त्याची झळ आधी स्वतःच्या तिजोरीला लागू द्यावी. ती तयारी नसेल, तर खेळाडूच्या उमेदीची वर्षं खर्ची घालण्याचा अधिकारही त्यांना नाही.