बेरीज बरोबर, पण नोंद खरी का?

मार्च २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागाने सुमारे ६५,००० जात प्रमाणपत्रांची नोंद पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर करण्याचे काम हाती घेतले. बनावट प्रमाणपत्रांना आळा बसावा, हा हेतू. प्रमाणपत्रासाठी तहसील कार्यालयात घातलेल्या खेपा महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांनाही आठवत असतील. परंतु प्रमाणपत्र एकदाच नोंदले जाते. मजुरी, शिधा, निवृत्तिवेतन यांच्या रोजच्या नोंदींचा भार अशी वही पेलेल काय?

अडचण तिच्या गुणातच आहे. जाळ्यातील असंख्य संगणक प्रत्येक व्यवहार स्वतः तपासतात. म्हणून बिटकॉइनची मूळ वही सेकंदाला जेमतेम सात व्यवहार सामावते. कोषागारातील प्रत्येक कारकुनाने प्रत्येक देयक नव्याने मांडून पाहावे, तसा हा प्रकार.

गोल्डवॉसर, मिकाली व रॅकॉफ यांनी १९८५ साली मांडलेल्या ‘झिरो-नॉलेज प्रूफ’च्या कल्पनेतून पुढे वाट निघाली. गुपित न सांगता ते आपणांस ठाऊक असल्याचे पटवून देणे, हा तिचा मूळ अर्थ. गंमत अशी, की ब्लॉकचेनची क्षमता वाढवताना कामी येतो तो मुख्यतः पुराव्याचा आटोपशीरपणा. हजारो व्यवहार बाहेर उरकायचे आणि त्यांचे गणित नियमानुसार झाल्याचा एक छोटा पुरावा मुख्य साखळीकडे पाठवायचा. ती तेवढाच तपासते. तो तयार करणे खर्चिक, पण पडताळणी सर्वांनाच स्वस्त. आमचे लेखापरीक्षक नमुन्यादाखल काही प्रमाणके पाहतात. येथे एकही सुटत नाही.

मोह पडावा असेच हे साधन आहे. मात्र मी राहतो त्या जयपुरात १९९७ साली ५३ दिवसांचे धरणे झाले होते, ते हजेरीपट व देयके पाहण्याच्या हक्कासाठी. त्यापूर्वी डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना गावच्या जनसुनवाईत मजदूर किसान शक्ती संघटनेने असे कागद लोकांसमोर वाचले आणि खोट्या नोंदी उघड्या पडल्या. बेरजा तेथेही बरोबर असतील! मजूर खरोखर कामावर होता का, हे गणिती पुराव्याला कळत नाही; गावाला कळते.

राजस्थान सरकारने २०१९ मध्ये सुरू केलेले जन सूचना पोर्टल त्याच लढ्याच्या परंपरेतले. उद्या एखादे खाते म्हणेल, पुरावा दिला आहे, आता कागद कशाला दाखवायचे? नागरिकाची खाजगी माहिती झाकण्यास हे तंत्र जरूर वापरावे. सरकारी पैशाचा हजेरीपट मात्र नावानिशी उघडाच राहिला पाहिजे.