दाजींची द्राक्षबाग

आमचे दाजी सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झाले. फंडाची रक्कम हाती आली आणि त्यांनी ठरवले, दिंडोरी तालुक्यात घरासह द्राक्षबाग घ्यायची. दादासाहेब गायकवाड याच तालुक्यातल्या आंबे गावचे. भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून 1959 आणि 1964 साली त्यांनी सत्याग्रह केले. त्या मातीत आपल्या नावाचा सातबारा असावा, ही दाजींची ओढ आम्हाला कळते.

फेब्रुवारीत आम्ही सारे बाग पाहायला गेलो. ताईला घर फार आवडले. दोन खोल्या, ओटा, दारात कडुनिंब. भाड्याच्या खोलीत जन्म गेलेल्या बाईला ओट्याचे काय वाटते, ते वेगळे सांगायला नको. दाजी घडांकडे बघत राहिले. पण घड एका हंगामाचे. वेल किती वर्षांची, मांडवाच्या तारा गंजल्यात का, हे आम्ही विचारले. विहीर भरलेली होती. पण एप्रिलची खरड छाटणी झाली की पुढच्या पिकाची काडी भर उन्हात तयार होते, पाण्याचा कस तेव्हा लागतो. शेजारच्या मळ्यातले मजूर हळूच म्हणाले, "मे महिन्यात टँकर येतो."

शिवाय द्राक्षाचा पैसा वर्षातून एकदाच. मजुरी, खते, फवारणी मात्र एप्रिलपासूनच सुरू. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागून राहिला तर डावणी घड खाते. सगळा फंड खरेदीतच घातला, तर औषधाला पैसा कुठला?

मग सातबारा काढला. इतर हक्कांत सोसायटीच्या कर्जाचा बोजा! विकणाऱ्याने चकार शब्द काढला नव्हता. आणि त्या घराची ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर नोंदच नाही.

खरी अडचण पुढेच होती. कुळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे, जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. दाजींच्या गावी जुन्या वतनाची थोडी जमीन आहे, पडीक. कुणी तिकडे फिरकले नाही. सातबाऱ्यावर अजून आजोबांचेच नाव! वारस नोंद झाली असती तर शेतकरी असल्याचा पुरावा घरातच होता. आमच्या किती घरांत अशी नावे तशीच पडून असतील.

सौदा तूर्त थांबला आहे. इसार दिला नव्हता, हे बरे. ताई अधूनमधून त्या कडुनिंबाची आठवण काढते. दाजी गावी गेले आहेत, आजोबांच्या मृत्यूचा दाखला शोधायला.